बैल कोठे बांधावा?

‘भूकंपानंतरच्या नव्या घरांना गोठ्याची जागा मिळाली ती आमच्या मोर्चामुळे,’ असे आमच्या गावचे पुढारी अजूनही छाती फुगवून सांगतात. ते साफ खोटे आहे.

ती जागा मिळवली तहसील कचेरीबाहेर टंकयंत्र घेऊन बसणाऱ्या चाचांनी. चाचांना ओरडताना मी कधी ऐकले नाही. राग आला, की ते चष्मा पुसत. सरकारी नकाशात माणसांना घरे होती, जनावरांना जागाच नव्हती. मी गावभरच्या सह्यांचा अर्ज नेला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

“सह्या हजार असल्या तरी सरकारला हा एकच कागद हाय, मालक. एका कागदाला एकच जवाब. घरटी अर्ज द्या, अन् पोच घेतल्याबिगर हलू नका.”

“त्यात लिहायचं काय?”

“बैल कुठं बांधावा, ते साहेबालाच इचारा. बैलाचं नाव लिवा, म्हंजे साहेबाला वळख पडंल.”

महिनाभरात अर्ज घेणारा कारकून रडकुंडीला आला. एकेका बैलाबद्दल लेखी उत्तर देण्यापेक्षा कचेरीने वर लिहून नकाशाच बदलून आणला.

पुढाऱ्यांचा मोर्चा कचेरीवर धडकला, तेव्हा नव्या नकाशाचा हुकूम तिथल्या फलकावर लागून चार दिवस झाले होते.