मिस टेलेसफर्डच्या आईची कबर

व्हर्लिन कॅडोरच्या हाताशी जायफळ कधी खोटं बोललं नाही. बेटावरच्या गूयाव्ह गावात, जायफळाच्या वखारीत, ती बावीस वर्षं निवडायला बसते. पाण्यात टाकलं की बुडलं ते चांगलं, तरंगलं ते तेल काढायला. मध्ये काही नाही. त्यामुळे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी 'निवेदक' नावाची चीज तिच्यापुढे आली, जी धड बुडेही ना आणि तरंगेही ना, तेव्हा तिचं डोकं गरगरायला लागलं.

गावच्या वाचनालयाला मदतनीस हवी होती. पोरांना पुस्तकं द्यायची, गोष्टी सांगायच्या. गोष्टी सांगण्यात व्हर्लिनचा हात धरणारं अख्ख्या गावात कुणी नव्हतं, आणि निवडून निवडून बोटंही आता वळेनाशी झाली होती. पण अट होती, साहित्याची परीक्षा पास हवी. म्हणून दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ती मिस लुसिंथा टेलेसफर्डच्या वर्गाला जाऊन बसे. मिस कादंबऱ्या लिहायची. लंडनला तीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आली होती, एकटीच. परीक्षेची पुस्तकं अजून बोटीवरून उतरली नव्हती, म्हणून ती आपल्याच कादंबरीवरून शिकवी.

परीक्षेच्या अर्जावर तिची सही लागणार होती. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "निवेदक कोण, हे तुला सांगता आलं नाही तर मी सही करणार नाही, व्हर्लिन. येता शनिवार शेवटचा दिवस."

वखारीत शेजारच्या पाटावर टँटी अर्मा बसे, सगळ्यांची टँटी, म्हणजे मावशी. सत्तरीची, जिभेला हाड नाही.

"शनिवारी काय शिकलीस, प्रोफेसरबाई?"

"पूर्वसूचना. पुढे काय घडणार त्याची आधीच दिसलेली खूण."

"हात्तिच्या! परवा माझ्या स्वप्नात मासा आला, म्हणजे कुणाला तरी पोर होणार, आणि काल कळलं, आमच्या रोझलिनला दिवस गेलेत. यात शिकायचं काय?"

"आणि निवेदक, टँटी? जो गोष्ट सांगतो तो. पण तो म्हणजे लेखक नव्हे म्हणे."

"पुस्तक कुणी लिहिलं?"

"मिसनं."

"आत 'मी, मी' कोण करतं?"

"तेच तर!"

"मग ती नाही तर कोण, तिची शेजारीण? तुझी मिस तुला बनवतेय."

व्हर्लिनलाही वाटे, आत बोलते ती मिसच. कारण त्या पुस्तकात एक जागा होती, जी वाचून ती रडली होती; इतकं खरं दुःख मिसचंच असणार. पुस्तकातली बाई म्हणते, माझ्या आईला गूयाव्हला समुद्राकाठच्या कबरस्तानात पुरलं, सात वर्षं झाली, तिच्या कबरीवर कुणी एक मेणबत्ती लावली नाही. मीही नाही.

सात वर्षं! आपल्या गावात! व्हर्लिनला गावाचीच लाज वाटली.

गुरुवारी सगळ्या संतांचा दिवस आला, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायचा. सकाळपासून कबरस्तानात खुरपी आणि चुन्याच्या बादल्या. व्हर्लिननं आपल्या आईबापाच्या कबरी साफ केल्या आणि मग टेलेसफर्ड नाव शोधत दोन तास ओळीओळीतून फिरली. नाव कुठेच नव्हतं. शेवटी समुद्राच्या कडेला, बदामाच्या झाडाखाली, एक बिननावाची कबर दिसली. हीच असणार. तिनं गवत उपटलं, चुना फासला, आणि अंधारून आल्यावर सात वर्षांच्या सात मेणबत्त्या लावून म्हणाली, "माफ कर गं बाई. तुझी लेक फार शिकलीय, तिला जमलं नसेल."

शनिवारी अर्ज घेऊन ती थेट मिसच्या घरी गेली. दारातच एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पायघोळ झगा, डोक्याला फडकं.

"मिस आहेत?"

"लुसिंथा? अंघोळ करतेय. बस. मी तिची आई, बुधवारी आले लंडनहून."

व्हर्लिन दोन पायऱ्या मागे उतरली. तिचे डोळे आपसूक म्हातारीच्या झग्याच्या काठाकडे गेले. बाईचं रूप घेतलेलं भूत असेल, तर झग्याखाली एक पाय माणसाचा आणि दुसरा गाईच्या खुराचा, असं गावात सगळे सांगत.

म्हातारीनं नजर ओळखली. "ए! माझे पाय काय बघतेस?" तिनं झगा पोटरीपर्यंत उचलला. चपलांमध्ये दोन्ही पाय, नखं रंगवलेली. "मोज!"

"पण... तुम्हाला तर मी परवा मेणबत्त्या लावल्या!"

"काय लावल्या?"

"सात."

"लुसिंथाऽऽ!"

मिस डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आली. सगळं ऐकून आधी हसत सुटली आणि मग मध्येच थांबली. "व्हर्लिन, अगं, ती मी नव्हे. पुस्तकात बोलते ती मी नव्हे!"

"मग कोण?" व्हर्लिनचा आवाज चढला. दोन तास उन्हात फिरली होती ती, आणि आता अर्जही हातातून जाणार होता. "तुमची आई इथे शेंगा सोलतेय. मग ती मेली ती कुणाची आई? मी रडले ती कुणासाठी? कुणीतरी आहे ना, मिस, जिच्या आईसाठी मी मेणबत्त्या लावल्या! ती तुम्ही नाही, तिला घर नाही, नावसुद्धा नाही, पण दुःख तिचंच आहे. ते काही तुमचं नाही. तुम्ही तर हसताय!"

मिसनं हात पुढे केला. "अर्ज दे."

आणि भिंतीला टेकवून सही केली.

"पण मी तर उत्तर दिलंच नाही," व्हर्लिन म्हणाली.

"आत्ता दिलंस तेच परीक्षेत लिही. शेवटचं वाक्य सोडून."

व्हर्लिननं सही पाहिली, मिसकडे पाहिलं. काय सांगितलं आपण? तिनं तोंडातल्या तोंडात आठवायचा प्रयत्न केला; नुसतं ओरडल्याचं आठवत होतं.

म्हातारी शेंगांची परात बाजूला सारून उठली. "चल, मला ती जागा दाखव. माझ्या मेणबत्त्यांखाली कोण झोपलंय, मला बघू दे."

"व्हा ना तुम्ही पुढे," व्हर्लिन म्हणाली, आणि अर्ज छातीशी धरून, झग्याच्या काठावरची नजर न काढता, मागून चालू लागली.