डाव्या खांद्याचं दुखणं

"पाळी गेली असेल कायमची. पीडा टळली म्हणायची."

"इतक्यात? अजून चाळिशी तरी गाठलीत का तुम्ही, जाऊबाई?"

"आमच्या आईची लवकरच गेली होती. तू कोपरा नीट धर, चादर भुईला लागतेय."

दोघी जावा एकाच लॉन्ड्रीत, एकाच मेजावर कामाला होत्या. लॉजांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे ढीग सकाळी यायचे आणि संध्याकाळी इस्त्री-घडी होऊन गाडीत बसायचे. मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, झटकायची, ताणायची आणि चालत एकमेकींकडे यायचं. यंत्रांच्या धडधडीत लांबून बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून समोरासमोर आल्या की एक वाक्य बोलून घ्यायचं आणि मागं सरायचं. सासूचं एक गाऱ्हाणं पुरं व्हायला पाच-सहा चादरी लागायच्या.

थोरलीची पाळी आजवर कधी रेंगाळली नव्हती. यंदा पंधरवडा उलटला तरी पत्ता नव्हता. दुसऱ्या बाळंतपणानंतरच तिनं ऑपरेशन करून घेतलं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळं दिवस गेले असतील ही शंका तिच्या मनाला शिवलीच नाही. ती धाकटीच्या मनाला शिवली. चादरीआडून हळूच तिनं सुचवलं, की औषधाच्या दुकानातनं लघवी तपासायची पट्टी आणून बघावी. थोरलीनं डोळे वटारले. ऑपरेशन झालेल्या बाईनं पट्टी मागायची? औषधाचा दुकानदार नवऱ्याबरोबर रोज पत्ते कुटणारा. रात्री जेवायच्या आत नवऱ्याच्या कानावर गेलं असतं. माणूस तसा भला होता, मारकुटा नव्हता, पण एकदा डोक्यात संशयाचा किडा वळवळला की महिनोन्‌महिने तोंडातनं शब्द न काढता नुसता बघत बसायचा. ते बघणं थोरलीला मारापेक्षा जड जायचं.

घरी सासूनं तर निकालच देऊन टाकला होता, वय झालं म्हणून. विषय मिटला.

मग एका सकाळी डाग दिसला. थोरली लॉन्ड्रीत हसतच शिरली, आली एकदाची म्हणाली. पण हे तिच्या नेहमीच्या पाळीसारखं नव्हतं. चहाच्या चोथ्यासारखं काळपट, जरासं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. ओटीपोटात एकाच बाजूला कुणी चिमट्यात धरून ठेवल्यासारखं व्हायचं. तिनं त्याचं खापर शिळ्या भाजीवर फोडलं. दोन दिवसांनी खांदा धरला. त्याचं तर तिला काहीच वाटलं नाही. इस्त्रीवालीचा खांदा दुखणार नाही तर काय मालकाचा दुखेल, असं म्हणून तिनं बाम चोळला आणि अंगावर काढलं. आजवर ताप, दाढ, कंबर सगळं तिनं अंगावरच काढलं होतं, त्यात हे एक.

त्या दुपारी घडी घालताना थोरलीच्या हातातला एक कोपरा सुटला. धाकटीनं हसण्यावारी नेलं. पुढच्या चादरीला तोच कोपरा सुटला. तिसऱ्या चादरीला दोघी जवळ आल्या तेव्हा धाकटीनं थोरलीचं तोंड नीट पाहिलं. हातातली चादर आणि ते तोंड यात रंगाचा फरक नव्हता. वरच्या ओठावर घाम, आणि तो गरमीचा वाटत नव्हता.

"खांदा कुठला दुखतोय म्हणालात?"

थोरलीनं मानेनं दाखवला. डावा.

"इस्त्री तुम्ही उजव्या हातानं करता."

मोरीकडं जाऊन येते म्हणून थोरली वळली, दोन पावलं टाकली आणि भिंतीला पाठ घासत खाली बसली. गाडी निघायचीच होती. मालक माल पोचवायच्या वेळेवरनं कुरकुरला, पण धाकटीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं गाडीत अभ्र्यांचे गठ्ठे ढकलून जागा केली आणि थोरलीला इस्त्रीच्या कपड्यांत आडवी घालून दवाखाना गाठला.

निरोप मिळून मागोमाग थोरलीचा नवराही येऊन पोचला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी पाळीचं विचारलं. थोरली म्हणाली, चालू आहे. दिवस गेले असण्याची शक्यता विचारली. थोरली म्हणाली, ऑपरेशन झालंय. आणि तिनं धाकटीकडं असं बघितलं, की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मोठ्या दिरासमोर धाकटीनं कधी मान वर केली नव्हती. आताही केली नाही. जमिनीकडं बघतच ती बोलली.

"पाळी लांबली होती, बाई. आता जातंय ते पाळीचं नाही. आधी दिवस गेलेत का ते तपासा."

नवऱ्यानं मान वळवून थोरलीकडं बघितलं. तेच बघणं.

तपासलं. दिवस गेले होते, पण गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता, आणि नळी फुटून पोटात रक्त साचत होतं. ते वर छातीखालच्या पडद्यापर्यंत पोचलं म्हणून खांदा दुखत होता. थोरलीला घाईनं आत नेलं. धाकटी आणि दीर बाहेर उभे राहिले. दोघांच्या मधलं बाकडं रिकामं होतं, पण दिरानं बस म्हटलं नाही आणि तीही बसली नाही.

थोरली वाचली. नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, ऑपरेशननंतर हे कसं झालं. त्यांनी सांगितलं, की बंद केलेली नळी क्वचित पुन्हा जुळते आणि तेव्हा गर्भ नळीतच अडकायची भीती जास्त असते. थोरली शुद्धीवर आल्यावर तिलाही सगळं फोड करून सांगितलं. पाळी थोडी पुढंमागं झाली म्हणून लगेच हाय खाऊ नये; दगदग, आजारपण, वजन, थायरॉईड अशा कशानंही ती हलते. पण लांबली की आधी दिवस गेलेत का ते बघावं, ऑपरेशन झालेलं असो नसो. तसं नसलं आणि तीन महिने आलीच नाही, तर काही दुखत नसलं तरी दाखवावं. आणि लांबलेल्या पाळीबरोबर ओटीपोटात कळ, वेगळाच रक्तस्राव, चक्कर, खांद्याचं दुखणं यातलं काहीही आलं, तर घरात थांबूच नये.

नवऱ्यानं सगळं ऐकून मान हलवली. घरी आल्यावर मात्र तो बोलेना. पाणी आणून द्यायचा, औषध द्यायचा आणि बघत बसायचा.

थोरली पुन्हा कामावर जाऊ लागली. चार-सहा आठवड्यांत पाळी येईल असं सांगितलं होतं. सहाही उलटले. सासू म्हणाली, अंग भरून यायला वेळ लागतो, गप बस. थोरली दोन दिवस गप बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा सदऱ्याची बटणं लावत होता, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पाळी लांबलीय. तपासायला जातेय. तुम्ही चला."

"आता परत कशाला?"

"मेल्यावर जाता येत नाही म्हणून. आणि मनात जे घोळतंय ना तुमच्या, ते तिथंच बाईंना विचारा. इथं बसून माझ्याकडं बघू नका."

तो आला. बाकड्यावर बसून फरशीकडं बघत राहिला. दिवस गेलेले नव्हते. पण डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि आठवड्यानं यायला सांगितलं. मधे दुखलं तर त्याच पावली. आणखी काही विचारायचंय का, असं त्यांनी नवऱ्यालाही विचारलं. तो नाही म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

थोरली तिथनंच लॉन्ड्रीत गेली. मेजावर ढीग तसाच पडला होता. तिनं वरची चादर उचलून दोन कोपरे धाकटीकडं टाकले. जवळ आल्यावर धाकटीनं विचारलं, "काय निघालं?"

"ते नाही. दुसरं काय, ते आठवड्यानं कळेल."

दोघी मागं सरल्या. चादर ताणली गेली.