बऱ्या झालेल्या मावशींचं नाव

सकाळच्या उपासनेपासून डोकं जागेवर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मेथोडिस्ट चर्चमध्ये दर रविवारी आजारी माणसांची नावं वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. वर्षभर ते काम माझ्याकडे आहे. खरं सांगायचं तर मी मागच्या आठवड्याचीच यादी कॉपी करते, एखादं नवं नाव जोडते आणि मान खाली घालून वाचते.

आज "रूथ मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन" असं वाचलं आणि पंख्याने कागद उडाला. मान वर केली, तर मावशी समोर तिसऱ्या बाकावर. हातात काठीसुद्धा नाही.

नंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी त्यांना गाठलं. "सॉरी मावशी, तुम्ही कधी बऱ्या झालात?"

"झाले की तीन महिने. के. आर. पुरमहून बसने येते दर रविवारी."

म्हणजे तीन महिने त्या माझ्यासमोर बसून स्वतःचं नाव ऐकत होत्या. मी म्हटलं, "आजच काढते यादीतून."

त्यांनी माझा हात धरला. "राहू दे गं स्वल्प दिवस. आठवडाभर दुसरं कोणी माझं नाव घेत नाही."

मी इथल्या कन्नड सवयीने "सरी", म्हणजे "बरं", म्हणाले आणि चहाचे कप उचलायला पळाले.

आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या गटातही मी आहे. मावशींचं घर मी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडेही अशी यादी असेल. बऱ्या झालेल्या माणसांचं तुम्ही काय करता?