लाल-पांढरा बांबू

माझ्या ताईचे सासरे ज्या खोलीत शिरत, त्या खोलीतली एक तरी गोष्ट हमखास वाकडी निघे. आणि भिंतीवरचं घड्याळ, जेवणाचं टेबल, पडद्याची दांडी असं सगळं तपासून झालं की शेवटी ती गोष्ट बहुधा मीच असे. "बंधुराज, डावा खांदा पडलाय तुमचा," असं ते एक डोळा मिटून सांगत. सूनबाईंचा भाऊ, म्हणून मी बंधुराज. माणसाकडे दोन्ही डोळ्यांनी बघायची त्यांना सवयच राहिली नव्हती, कारण उमेदीची वर्षं त्यांनी पॅसिफिकमधल्या एका इंग्रज वसाहतीत, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सर्व्हेयर म्हणून, दुर्बिणीला डोळा लावून काढली होती. आपल्याकडचा साहेब केव्हाच गेला होता, पण त्या बेटांवर तो अजून खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याच्या हाताखाली पुण्याचा हा ताठ माणूस नव्या नवरीला घेऊन हजर झाला होता.

तिथल्या गोष्टी सुरू झाल्या की इथे परदेशात, ताईच्या बिशानमधल्या फ्लॅटमध्ये, जेवणं गार होत. साहेबाने नकाशावर पट्टी ठेवून रस्त्याची रेघ मारायची आणि चहाला जायचं. एकदा ती रेघ नेमकी बेटकऱ्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांवरून गेली. यांनी गुपचूप रस्ताच वळवला. साहेब पाहणीला आला आणि हे वळण कशाला म्हणून गुरकावला, तर हे म्हणाले, "जमीन मऊ आहे, सर." आम्ही हसलो की ते गंभीरपणे विचारत, "खोटं काय बोललो? माणसं पुरलेली जमीन मऊच असते."

खात्याकडे माणसं कमी, म्हणून लांबवर खुणेची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरायचं काम काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे आलं. काकू पदर खोचून झुडपांत उभ्या राहत, हे दुर्बिणीतून बघत आणि हाताने खुणावत: पंजा डावीकडे हलला की डावीकडे सरकायचं, हात झटकन खाली आला की बरोबर जागेवर आलात. खूण दिसेपर्यंत सर्व्हेयरने आपली जागा सोडायची नाही, हा कायदा. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. काकू म्हणायच्या, "संसाराची पहिली वर्षं या माणसाने मला खाली डोकं वर पाय अशीच बघितली. आणि वर म्हणायचं काय, तर वाकडी उभी आहेस!"

वस्तू सरळ उभी आहे का ते बघायचा, दोरीला टांगलेला शिशाचा एक ओळंबा त्यांच्या खिशात कायम असे. ताईकडच्या गणपतीत आरतीच्या ताटात निरांजन पेटलेलं, टाळ हातात, आणि यांनी मखराशी ओळंबा सोडला! मखर एका बाजूला कललेलं निघालं. झालं! आरती थांबली, कापूर जळून गेला, वर्तमानपत्राच्या घड्या पायाखाली सरकू लागल्या. नात वैतागून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, नोबडी कॅन सी लाह!" ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "गणपती बघतोय ना."

मग काकू गेल्या. ओळंबा खिशात राहिला, पण ते संध्याकाळी फिरायला एकटे जाऊ लागले. आणि एके दिवशी दुपारीच निघाले ते परत आलेच नाहीत. बिशानच्या सगळ्या इमारती एका साच्यातल्या. चांगल्या माणसाचीही तिथे गल्लत होते. ताईचा रडत फोन आला, तशी मी रॅफल्स प्लेसच्या माझ्या बँकेतून निघून तडक एमआरटीची लोकल पकडली. मैदानाच्या कडेला, भर उन्हात, कपाळाला हाताचा आडोसा करून ते ताठ उभे होते. शर्ट घामाने चिंब.

"काका, इथे काय करताय?"

"खूण दिसत नाही, बंधुराज. काठी घेऊन ही पुढे गेली, ती अजून कुठे उभी राहिलेली दिसत नाही. जागा कशी सोडू?"



दाजींनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, दुसऱ्या दिवसापासून दाराच्या जाळीला कुलूप लावलं. त्यांचंही चूक म्हणता येईना. पण फिरणं बंद झालं आणि म्हातारा मिटत चालला. ताईने काकूंचा फोटो पुसून परत लावला तो चक्क वाकडा, आणि हे समोर बसून नुसते बघत राहिले. खिशातला ओळंबासुद्धा बाहेर काढला नाही! त्या दिवशी मी खरा घाबरलो. असाच चार-दोन महिने कुलपात राहिला तर हा माणूस आपल्या हाती लागायचा नाही, हे मला स्पष्ट दिसलं.

इथे घरोघरी कपडे वाळत घालायला खिडकीबाहेर बांबू असतात. ताईचा एक बांबू मी उचलला आणि त्याला लाल-पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. "हा काय पोरखेळ?" दाजी म्हणाले. "एकच दिवस," मी म्हणालो. संध्याकाळी त्यांनी काकांना खाली आणलं आणि मी पायवाटेच्या पार दुसऱ्या टोकाला बांबू धरून उभा राहिलो. एक चिनी आजोबा जाताजाता म्हणाले, "नॅशनल डे स्टिल फार, लाह!" इथल्या झेंड्याचे रंगही लाल-पांढरेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात लांबवर काकांचा हात उठला. पंजा डावीकडे हलला. मी सरकलो. आणखी डावीकडे. मी गवतात गेलो. मग हात झटकन खाली आला आणि ते निघाले, नाकासमोर, कुठेही न अडखळता, थेट माझ्यापर्यंत. बांबूवर तळवा टेकून म्हणाले, "वाकडा धरता. हीसुद्धा अश्शीच धरायची."

कुलूप निघालं. त्यानंतर बँकेतून सुटलो की रोज मी बांबू घेऊन उभा असे, आणि त्यांचा सख्खा मुलगासुद्धा बायकोला अशी वाट बघायला लावत नाही, असे माझ्या बायकोचे टोमणे घरी खात असे. खाल्ले. त्याचं मला काही वाटत नाही.

शेवटी ते हॉस्पिटलात होते, बोलणं थांबलं होतं. मी भेटायला गेलो, तर पलंगावरून त्यांचा हात हळूच उठला आणि पंजा डावीकडे हलू लागला. नर्सला वाटलं पडदा सरकवायचाय, ताईला वाटलं पाणी हवंय. मी पायथ्याशी एक पाऊल डावीकडे सरकलो. मग आणखी एक. हात खाली आला.

माझ्या हातात बांबू नव्हता, तरी मी जमेल तितका सरळ उभा राहिलो.