घट बसले आणि गोळी थांबली

साठच्या दशकात आम्ही साताऱ्याला राहायचो. आईच्या बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. सकाळी मूठ वळायची नाही. भाकरी थापताना ती ओठ चावायची आणि माझ्या वेड्यावाकड्या भाकऱ्या बघून जास्तच चावायची.

वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी तिला रेल्वेनं मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत." थोड्याच दिवसांत सूज उतरली, आई भराभरा भाकऱ्या थापू लागली. पुढं तिचा चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी म्हणायच्या, "आवं, लय बाळसं धरलंय तुमी!" आई लाजायची. मला तो चेहरा परका वाटायचा, अगदी राग यायचा त्याचा.

आईचं मत पक्कं होतं, हे सगळं देवीनं केलं. बोटं मोकळी झाली तर नवरात्रात फराळ आणि तीर्थ सोडून काही तोंडात घालणार नाही, असा तिनं नवस बोलला होता. घट बसले आणि गोळ्यांची बाटली गुपचूप फडताळात गेली.

तिसऱ्या माळेला तिला उलट्या सुरू झाल्या. माळ बांधायला उठली ती घटापुढंच कोसळली. हात गार, ओठ पांढरे. वडिलांनी टांग्यातून तिला गावातल्याच दवाखान्यात नेलं. निघताना वडिलांना फडताळात सापडलेली गोळ्यांची बाटली बघताच तिथल्या डॉक्टरांनी घाईनं सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. मी बाहेरच्या बाकावर बसून देवीशी भांडले. नैवेद्याला तुला माझी आईच हवी होती का, असं तिला विचारलं.

संध्याकाळी आईनं डोळे उघडले.

"बंद करायच्या न्हाईत म्हणून सांगितलं हुतं न्हवं?" वडील म्हणाले.

"मी कुठं माज्या मनानं केल्या? देवीच्या मनानं केल्या."

डॉक्टरांना हसू आलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. अंगाला तग धरायला लागणारा रस त्या रोज तयार करतात. गोळीतून तसाच रस आयता मिळू लागला आणि त्या निजल्या. गोळी एकदम थांबली, पण त्या काही उठल्या नाहीत. "आता गोळी हळूहळू कमी करू. त्यांना जाग यायला वेळ द्यायचा," डॉक्टर म्हणाले.

गोळी कमी होत गेली तसा आईच्या चेहऱ्याचा गरगरीतपणा ओसरला. गालांची हाडं दिसू लागली, माझी आई मला परत मिळाली. पण सूजही परतली, आणि भाकऱ्या माझ्याकडे आल्या.

पुढच्या नवरात्रात घट बसले तेव्हा आईनं सकाळची अर्धी गोळी देवीपुढं ठेवून हात जोडले. मग ती उचलायला गेली, पण गोळी चिमटीत येईना. मी ती उचलून तिच्या जिभेवर ठेवली.

"लेकीच्या हातचं खाते गं," ती देवीला म्हणाली. "रागावू नगंस."