उखर्डूभाऊंची दहाची ओहोटी

वरणगावच्या उखर्डू तायड्यांनी आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला होता, आणि तोही सहा डिसेंबरला, दादरच्या किनाऱ्यावर, माणसांच्या खांद्यांवरून. समुद्र म्हणजे गर्दीच्या पलीकडची एक राखाडी रेघ, एवढीच त्यांची त्याच्याशी ओळख. तरी हरिहरेश्वरापासून गुहागरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पायी जायचं, रात्री वाळूवरच तंबू ठोकून झोपायचं, असं त्यांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात जाहीर करून टाकलं.

याला कारण त्यांचा मुलगा आकाश. तो पुण्याला नोकरीला. मित्रांबरोबर ही वाट चालायची म्हणून त्याने तंबू घेतला, पाठीवरच्या पिशव्या घेतल्या, गॅसची चिमुकली शेगडी घेतली आणि मग त्याला रजाच मिळाली नाही. सगळं सामान वरणगावच्या माळ्यावर येऊन पडलं. उखर्डूभाऊंना न वापरलेली वस्तू बघवत नसे. फॅक्टरीत त्यांचा सगळा जन्म तपासणी विभागात गेला होता. समोर येईल ती वस्तू उलटीसुलटी करून पास करायची नाहीतर रिजेक्ट करायची, ही सवय घरीही सुटली नव्हती. मेथीची जुडीसुद्धा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय निवडायला बसता येत नसे.

ते एकटेच जाणार आहेत असं विहारात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना कळलं, तेव्हा कौतुक झालं. घरी बायकोला, रत्नाबाईंना कळलं, तेव्हा त्या माळ्यावर चढल्या. दुसऱ्या दिवशी उखर्डूभाऊ बघतात तर दुसरी पिशवीही भरलेली. तीत ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एक छोटा तवा.

"तुम्ही समुद्र पाहाल, आन मी काय इथं तुमच्या मोटारसायकलवरची धूळ पुसू?" त्या म्हणाल्या.

तवा वजनाच्या कारणावरून रिजेक्ट झाला. तरीही तो आला.

पहिल्या मुक्कामालाच तंबूने परीक्षा पाहिली. सुरूच्या बनात मुंग्या आहेत म्हणून ती जागा भाऊंनी नापास केली आणि उघड्या वाळूवर तंबू ठोकायला घेतला. पण आपल्याकडच्या काळ्या जमिनीत खुंटी जशी बसते तशी ती वाळूत बसेना. ठोकली की आत जाई आणि दोरी ताणली की दातासारखी अलगद निघून हातात येई. शेवटी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक होडी हेरली आणि तंबूच्या चारपैकी दोन दोऱ्या तिला बांधल्या. होडी पक्की होती. तंबू ताठ उभा राहिला. रत्नाबाईंनाही कबूल करावं लागलं की काम बरं झालंय.

पहाटे तंबूच्या कापडावर कोणीतरी हलकेच टिचकी मारली. बाहेर दोन कोळी उभे.

"काका, होडी न्यायचीय पाण्यात," त्यातला एक फार अदबीने म्हणाला. "तंबूसकट नेऊ का?"

त्या दिवशी वाटेत पहिली खाडी लागली. चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, दहाला पुरी ओहोटी आहे, खुशाल चालत जा. आणि खरंच, दहाच्या सुमाराला गेले तर पाणी घोट्याएवढं. भाऊंना हा कारभार एकदम आवडला. जन्म भोंग्यावर काढलेला माणूस तो. समुद्रालाही ठरलेली ड्यूटी आहे, दहाला पाणी आत जातं म्हणजे जातंच, हे पाहून त्यांना समुद्राबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. पुढचे दोन दिवस चालत ओलांडायची खाडीच आडवी आली नाही. एक मोठी लागली, पण ती तरीने ओलांडली. त्यामुळे त्या आदराला धक्का लागायचं काही कारण घडलं नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा एक लहान खाडी आली. त्या सकाळी रत्नाबाई वाटेत फार रमल्या होत्या. कुठे वाळूवर खेकड्यांनी काढलेली नक्षी बघ, कुठे शिंपले उचल, असं करत दहाचे साडेदहा झाले. खाडीच्या काठाला येऊन बघतात तर पाणी कमरेच्या वर.

"झाली बोंब," भाऊ म्हणाले. "ओहोटी होऊन गेली. भरती लागली. आता लगेच उतरलो तर उतरलो, नाहीतर दिवसभर इथंच."

काठावरच्या चिखलात एक बाई वाकून कोयत्याने तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, उकरत होती. रत्नाबाई म्हणाल्या, त्या बाईला विचारून तरी पाहू. भाऊ म्हणाले, विचारत बसलो तेवढ्यात पाणी आणखी चढेल. रत्नाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"मी विचारल्याबिगर पाय घालनार नाही. तुम्हाले जायचं तं जा."

नवराबायकोत अशा वेळी जो आधी हलतो तो हरतो, हे लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. भाऊ हलले. तंबू डोक्यावर घेतला आणि पाण्यात उतरले.

लहानपणी त्यांनी तापीत पोहून घेतलं होतं, त्यामुळे भीती नव्हती. पण मध्यावर गेल्यावर पाणी छातीला लागलं आणि त्याला विलक्षण ओढ होती. पायाखालची वाळू कोणीतरी चटईसारखी ओढून काढावी तशी सरकायला लागली. एक बूट गेला. भाऊ तिरके तिरके समुद्राच्या दिशेने निघाले. मागून बायकांचं ओरडणं ऐकू आलं, पण शब्द कळेनात. दोनदा नाकातोंडात खारट पाणी गेलं, मग अचानक गुडघा वाळूवर आपटला. खाडीच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा पाण्याबाहेर आला होता, खाटेएवढा. ते त्याच्यावर चढून बसले. तंबू हातात होता. मोबाइल खिशात होता, पण त्यातून पाणी गळत होतं.

चारी बाजूंनी पाणी वाहत होतं. आणि भरती लागलेली. म्हणजे ही खाटही थोड्या वेळात बुडणार, हा हिशेब त्यांनी लगेच केला. आकाशचा विचार आला, रजा न मिळाल्याबद्दल त्याला फोनवर आपण जे बोललो होतो तेही आठवलं. मग त्यांनी काठाकडे पाहिलं.

काठावर रत्नाबाई आणि ती तिसऱ्यावाली बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. मध्ये शेगडी पेटलेली. रत्नाबाई भाकरी थापत होत्या.

भाऊंचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नवरा समुद्रात चाललाय आणि ही बाई तव्यावर भाकरी टाकतेय. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. पलीकडून रत्नाबाईंनी हात हलवला, तोही पिठाचा, आणि खाली बसा अशी खूण केली.

बसण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतंच. रागाच्या भरात त्यांनी तंबूची एक खुंटी काढली आणि पाणी किती चढतंय ते पाहायला अगदी पाण्याच्या कडेला रोवली. थोड्या वेळाने पाहिलं तर खुंटी कोरड्या वाळूत होती. आपलं चुकलं असेल म्हणून त्यांनी दुसरी रोवली. तीही कोरडी पडली. खाटेचा आता चांगला ओटा झाला होता. मग ओट्याचं अंगण झालं. भाऊ आपल्या अंगणात एका बुटावर उभे राहून खुंट्यांकडे बघत होते, तेवढ्यात समोरून रत्नाबाई आल्या. चपला हातात, लुगडं जरासं वर खोचलेलं, पाणी घोट्याला. मागे ती बाई, सुलभा चोगले तिचं नाव, बादली घेऊन.

रत्नाबाईंनी भाकरी हातावर ठेवली, तिच्यावर ठेचा.

"चढून नव्हतं राह्यलं, उतरून राह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "ओहोटी रोज पाऊण घंटा उशिरा येते म्हने. आज सव्वाबाराची होती. आम्ही घसा फुटोस्तर सांगितलं."

रोज पाऊण तास उशिरा. फॅक्टरीत असा माणूस असता तर भाऊंनी त्याला तिसऱ्याच दिवशी मेमो दिला असता. पण त्यांच्या तोंडात भाकरी होती.

"मी बुडत होतो, आन तू भाकरी टाकत होती," ते शेवटी म्हणाले.

"या सुलभाताईचा नवरा होडी घेऊन तिकडं वळणाशी उभाच होता. तुम्ही वाळूवर चढले, तव्हा तो परत फिरला." रत्नाबाईंनी पदराने त्यांच्या कानातली वाळू पुसली. "तोवर माह्या हातापायात जीव नव्हता. काही करायला पाहिजे ना हाताले."

भाकरी एका बाजूने पार करपलेली होती. रत्नाबाईंची भाकरी करपलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती त्यांनी न तपासता, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

ती रात्र दोघं चोगल्यांच्या अंगणात राहिले. सुलभाताईच्या नवऱ्याने भाऊंना आपल्या जुन्या चपला दिल्या, त्या दोन बोटं मोठ्या होत्या. त्या फटफट वाजवत भाऊ गुहागरपर्यंत चालले. वाटेत भेटेल त्याला ओहोटीची वेळ विचारू लागले. खाडी नसलेल्या गावातही विचारत. एकदा तर एसटीच्या कंडक्टरला विचारली. रत्नाबाई तोंडाला पदर लावून उभ्या राहत.

मे महिन्यात सुलभाताई आणि तिचा नवरा वरणगावला पाहुणे आले. इतकं ऊन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी कूलरसमोरून उठायचं नाव घेतलं नाही, भरीत आणि वरणबट्टी तिथेच वाढावी लागली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उखर्डूभाऊ त्यांना धरणाच्या खालच्या अंगाला तापी दाखवायला घेऊन गेले. लांबच लांब पात्र, नुसते दगडगोटे, मध्ये दोनचार डबकी आणि त्यांत बसलेल्या म्हशी.

सुलभाताईने काठावर उभं राहून बराच वेळ अंदाज घेतला.

"भाऊ, हितं पाणी कधी चढतं?"

"जुलैत," भाऊ म्हणाले.