आत्याचं वजन

टोंगातल्या हाआपाई द्वीपसमूहाच्या एका छोट्याशा बेटावर विमानाची धावपट्टी म्हणजे नारळांच्या दोन रांगांमधलं गवत. कालोलाइने तिथे नऊ वर्षं वजनं करत होती. आठ माणसांचं विमान. त्यामुळे माणूस, टोपली, चटईची गुंडाळी, सगळं काट्यावर चढायचं आणि आकडा तिच्या वळणदार अक्षरात तक्त्यावर उतरायचा. नवरा ऑकलंडला कारखान्यात. घरी ती, सासू आणि सात डुकरं. तिची नजर अशी तयार झाली होती की माणसाचा पाय काट्यावर पडायच्या आधीच आकडा तिच्या मनात येऊन बसे, आणि तो किलो-दोन किलोपेक्षा जास्त चुकत नसे. लग्नकार्य निघालं की लोक आपली डुकरं आधी तिला दाखवून घेत.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात एका गुरुवारी विमान उडालंच नाही. रात्री पाऊस झाला होता, गवत ओलं होतं. विमान धावत सुटलं, पट्टी संपली, कुंपण मोडलं आणि ते शेजारच्या रताळ्यांच्या वाफ्यात नाक खुपसून बसलं. वैमानिकाचं खांद्याचं हाड मोडलं. बाकीच्यांना नुसतं खरचटलं. सगळ्यात शेवटी उतरल्या कालोलाइनेच्या आनासेइनी आत्या, मांडीवरची टोपली छातीशी घट्ट धरून. टोपलीत भाजलेली दोन डुकराची पिल्लं होती, राजधानीतल्या चर्चच्या मेळाव्यासाठी.

"पिल्लं शाबूत आहेत," त्यांनी धावत आलेल्या लोकांना आधी हे सांगितलं.

विमान कंपनीचा दोन वर्षांतला हा तिसरा अपघात. म्हणून सरकारने उघड चौकशी जाहीर केली. पोस्टाच्या दारावर नोटीस लागली, रविवारी चर्चमध्ये वाचूनही दाखवली : ज्याला काही ठाऊक असेल त्याने येऊन सांगावं. चौकशीचे अध्यक्ष न्यूझीलंडचे निवृत्त न्यायाधीश पेनफोल्ड. मदतीला एक जुना वैमानिक आणि एक इंजिनियर. चिटणीस आणि दुभाषा अशी दोन्ही कामं राजधानीतल्या कोर्टाचा कारकून फिलीमोने याच्या गळ्यात पडली. बोटीवरून उतरला तो थेट कालोलाइनेच्या अंगणात.

"बाई, हे पत्र. सही करा."

"काय आहे त्यात?"

"चौकशीत तुमच्यावर ठपका येऊ शकतो. म्हणून तुम्हाला आधी कळवावं लागतं, तसा कायदा आहे. ह्या बाकीच्यांच्या जबान्यांच्या प्रती. तुम्ही रोज येऊन बसू शकता, वकील देऊ शकता, साक्षीदारांना प्रश्न विचारू शकता."

"वकील? आमच्या बेटावरच्या दुकानात महिनाभर साबण नाहीये!"

"मग तुम्हीच विचारा."

"मी? त्या साहेबलोकांना?"

"ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याला तोंड उघडू द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ," फिलीमोने म्हणाला आणि तिने पुढे केलेलं शहाळं एका दमात संपवून गेला.

तिने जबान्या दोनदा वाचल्या. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. विमान जड झालं, कारण वजनाचा तक्ता चुकीचा. तक्ता कोणाचा? कालोलाइनेचा.

आणि तो चुकीचा होता हे तिला ठाऊक होतं. सातव्या ओळीत आनासेइनी आत्या, ऐंशी किलो. त्या दिवशी आत्या काट्याला वळसा घालून पुढे गेल्या होत्या. "ऐंशी लिही," एवढंच म्हणाल्या होत्या. पिल्लांच्या टोपलीला तर त्यांनी हातातली पिशवीच ठरवलं होतं. टोंगात बापाच्या बहिणीपुढे बापसुद्धा मान खाली घालतो. भाचीने तिला काट्यावर चढ म्हणायचं कसं? कालोलाइनेने ऐंशी लिहिलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी आत्या स्वतः आल्या. चटईवर बसल्या, वारा घेतला.

"उद्या तिथे माझ्या वजनाचा विषय निघता कामा नये."

"आत्या, शपथ घ्यावी लागते. बायबलवर."

"मग घे की. विचारलं तर ऐंशी म्हण. मी मुलगी होते तेव्हा ऐंशीच होते. ते खोटं नाही."

चर्चचा हॉल सकाळी नऊलाच भरला. पेनफोल्डसाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि फिलीमोनेने ते टोंगनमध्ये मोठ्याने म्हटलं : "हे न्यायालय नाही. इथे कोणी आरोपी नाही. विमान पट्टीबाहेर का गेलं ते शोधायचंय, म्हणजे पुन्हा जाणार नाही." मागून कोणीतरी म्हणालं, "मग माझ्या रताळ्यांचं काय?" साहेबांनी तेही लिहून घेतलं.

अपघातातला वैमानिक हात झोळीत घालून बोलला. इंजिनियरने गवत, उतार, वारा यांच्यावर तासभर प्रश्न विचारले. मग कालोलाइनेची पाळी. कंपनीचा वकील उठला. उंच, धिप्पाड, घामाने निथळणारा.

"बाई, नऊ वर्षांत किती माणसं जोखली असतील?"

"मोजली नाहीत. पण नजरेने कळतं आता."

"असं? मग माझं वजन सांगा बघू."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सत्त्याण्णव. कोट काढलात तर पंच्याण्णव."

हॉल खदखदून हसला. वकीलही हसला. "अगदी बरोबर," तो म्हणाला, आणि हातातला तक्ता पुढे केला. "मग ही सातवी ओळ लिहिताना तुमच्या नजरेला काय दिसलं होतं?"

हसू विझलं. कालोलाइनेला मागच्या बाकावरचा हातपंखा थांबलेला ऐकू आला. आत्याचाच पंखा. ती फिलीमोनेकडे वळली, कारण साहेबांपेक्षा त्याला सांगणं सोपं होतं.

"एकशे अठरा," ती म्हणाली. "मला दिसत होतं. टोपली वेगळी, ती सतरा-अठरा किलोची. मी ऐंशी लिहिलं. ती माझी आत्या आहे."

फिलीमोनेने शेवटचं वाक्य भाषांतर करून सांगितलं, पण आत्या म्हणजे काय ते समजावून द्यायला त्याला आणखी पाच मिनिटं लागली.

"खोटं!" मागून आवाज आला. आत्या उभ्या राहिल्या होत्या. "एकशे पाच! एक औंससुद्धा जास्त नाही!"

"बाई," पेनफोल्डसाहेब शांतपणे म्हणाले, "बोलायचं असेल तर आधी शपथ घ्या."

आत्यांनी शपथ घेतली. शपथ घेतल्यावर मात्र अडचण झाली, कारण आकडा त्यांनाही ठाऊक नव्हता. मग साहेबांनी नियम काढला : चौकशी जागेवर जाऊन पाहणी करू शकते. अख्खा हॉल धावपट्टीकडे चालू लागला. आत्या काट्यावर चढल्या, डोळे मिटून, हात जोडून. काटा एकशे सतरावर थांबला.

"कालो," आत्या डोळे न उघडता म्हणाल्या, "एकाने चुकलीस."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा व्यवस्थापक साक्षीला होता. साहेबांनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? कालोलाइने उठली.

"साहेब, मी तुम्हाला तीनदा पत्र लिहिलं. कोणी काट्यावर चढायला नकार दिला तर त्याला विमानात बसू देऊ नये, असा अधिकार मला आहे का, म्हणून. ती पत्रं मिळाली?"

व्यवस्थापकाने फाईल चाळली. पत्रं होती. तिन्ही. पहिलं चार वर्षांपूर्वीचं.

"मग उत्तर?"

"ते... विचाराधीन होतं."

"चार वर्षं?" हे पेनफोल्डसाहेबांनी विचारलं.

अहवाल नोव्हेंबरात आला. पहिलं कारण, वैमानिकाने पाठीमागचा वारा असताना उड्डाण केलं. दुसरं, ओलं गवत आणि झिजलेले ब्रेक. तिसरं, जास्तीचं वजन. तिच्याबद्दल एकच परिच्छेद होता : तिने चुकीचं लिहिलं, पण काम सोपवताना कंपनीने तिला नाही म्हणायचा अधिकार दिला नव्हता. शिफारसी मोजून अकरा. त्यांतली एक, काट्याची तबकडी फक्त वजन करणाऱ्याला दिसेल अशी फिरवावी. ती कोणी सुचवली हे अहवालात नव्हतं, पण ती आपलीच, असं आत्या सांगत फिरत होत्या.

आत्या तिच्याशी मात्र नाताळापर्यंत बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा त्या विषयावर नाही; सासूच्या गुडघ्यांना कोणतं तेल चोळावं त्यावर.

वजन करणाऱ्याला नाही म्हणता येईल असा नवा नियम झाला, त्यानंतर पहिला नकार तिने दिला तो राजधानीहून आलेल्या एका बड्या अधिकाऱ्याला. त्याच्या तीन टोपल्या जास्त होत्या. त्याने आपला हुद्दा सांगितला, तिने तक्त्यावरचा आकडा दाखवला. शेवटी त्याने टोपल्या खाली ठेवल्या. विमान वर गेलं, नारळांच्या शेंड्यांवरून दिसेनासं झालं, तेव्हा ती काट्याच्या पायरीवर मटकन बसली, आणि सामान चढवणाऱ्यांना म्हणाली, "त्या टोपल्यांत पिकलेली केळी असतील तर घरी न्या रे, उद्यापर्यंत टिकायची नाहीत."